डॉ. रखमाबाई : लोकांनी पाहिलेल्या आणि खऱ्या

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनी स्मरणिका निघावयाची आणि तिच्यात एखाद्या थोर स्त्रीचे चरित्र यावयाचे, ही आता रीतच होऊन गेली आहे. यंदा ते काम माझ्याकडे आले. थोर स्त्रियांची आपल्याकडे वाण नाही. परंतु बहुतेकींच्या तसबिरीला हार घालताना आपल्याला फारसा विचार करावा लागत नाही, कारण त्यांच्याविषयीचे मत आपल्या आधीच्या पिढ्यांनी ठरवूनच ठेवले आहे. म्हणून मी मुद्दाम अशी एक स्त्री निवडली, की जिच्याविषयी मुंबईने मत दिले, पुण्याने दिले, विलायतेनेही दिले, आणि मत देणाऱ्यांपैकी फारच थोड्यांनी तिला प्रत्यक्ष पाहिले होते. त्या म्हणजे डॉक्टर रखमाबाई.

भगिनींनो, चार जणी एकत्र जमलो की आपण कोणाविषयी तरी मत देतोच. त्यात वावगे काही नाही. संसारात राहावयाचे तर माणसे पारखून घ्यावीच लागतात. परंतु पारख ज्या डोळ्यांनी होते, त्याच डोळ्यांत पूर्वग्रहही बसलेला असतो, आणि या दोहोंतला फरक आपला आपल्याला सहसा उमगत नाही. रखमाबाईंचे चरित्र वाचताना मला तो फरक जितका स्पष्ट दिसला, तितका दुसऱ्या कोणाच्या चरित्रात दिसला नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

रखमाबाईंचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ रोजी मुंबईत झाला. वडिलांचे नाव जनार्दन पांडुरंग आणि आईचे जयंतीबाई. जात सुताराची. मुलगी अगदी लहान असतानाच वडील वारले, आणि ऐन तारुण्यात जयंतीबाई विधवा झाल्या. पुढे काही वर्षांनी त्यांनी डॉक्टर सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह केला. त्या काळी ब्राह्मणांत विधवाविवाह म्हणजे आकाश कोसळण्यासारखी गोष्ट होती. परंतु सुतार समाजात पुनर्विवाहाची चाल पूर्वीपासून होती. ही एवढी बाब लक्षात ठेवावी, कारण पुढे ज्यांनी ज्यांनी रखमाबाईंना धर्म शिकवला, त्यांतल्या पुष्कळांनी सर्व हिंदूंची चालरीत एकच आहे असे धरून चालून तो शिकवला.

पुनर्विवाहाच्या वेळी जयंतीबाईंनी पहिल्या पतीची मालमत्ता मुलीच्या नावे करून दिली. सखाराम अर्जुन हे मोठे विद्वान गृहस्थ होते. ग्रँट मेडिकल कॉलेजात ते शिकवीत. वनस्पतिशास्त्राचा त्यांचा व्यासंग होता, आणि १८८३ साली मुंबईत निसर्गइतिहासाची जी सुप्रसिद्ध सोसायटी स्थापन झाली, तिच्या आठ संस्थापकांत दोनच हिंदी होते, त्यांतले ते एक. अशा घरात रखमा वाढली. तरीही तिचे लग्न अकराव्या वर्षीच झाले. वर दादाजी भिकाजी हे एकोणीस वर्षांचे, सखाराम अर्जुनांच्या नात्यातले, घरची परिस्थिती बेताची. त्यांनी सासऱ्यांच्या आधाराने राहावे, शिकावे आणि नावारूपाला यावे, असे ठरले होते.

ते ठरलेले पुढे तडीस गेले नाही. दादाजींचे शिक्षणात मन रमेना. ते आपल्या मामाकडे जाऊन राहिले. मुलगी वयात आली तेव्हा तिला नांदावयास पाठवण्याची मागणी झाली. परंतु सखाराम अर्जुन स्वतः डॉक्टर असल्याने इतक्या कोवळ्या वयात मुलीला संसारात ढकलण्यास त्यांनी नकार दिला. रखमा माहेरीच राहिली. शाळा तर सुटलेलीच होती. मिशनच्या ग्रंथालयातून पुस्तके आणून ती घरी वाचीत असे, इंग्रजी शिकत असे, आणि आईबरोबर प्रार्थनासमाजाच्या व आर्य महिला समाजाच्या सभांना जात असे. अशी वर्षे लोटली. वाचता वाचता तिला आपल्या आयुष्याचा अर्थ कळू लागला, आणि ज्या लग्नात आपल्याला कोणी काही विचारलेच नव्हते ते आपण मानावयाचे की नाही, हा प्रश्न तिच्या मनात उभा राहिला.

मार्च १८८४ मध्ये दादाजींनी वकिलामार्फत नोटीस धाडली की, माझी बायको माझ्याकडे पाठवा. पाठवली नाही, तेव्हा त्यांनी मुंबईच्या उच्च न्यायालयात फिर्याद लावली. एप्रिल १८८५ मध्ये, खटल्याचा निकाल लागण्याआधीच, सखाराम अर्जुन निवर्तले. वीस वर्षांच्या मुलीच्या पाठीवरचा सर्वांत भक्कम हात गेला.

याच सुमारास टाइम्स ऑफ इंडिया या वर्तमानपत्रात दोन पत्रे छापून आली. पहिले जून १८८५ मध्ये, दुसरे त्याच वर्षीच्या सप्टेंबरात. विषय बालविवाह आणि सक्तीचे वैधव्य. खाली लेखिकेचे नाव नव्हते. एक हिंदू स्त्री एवढेच लिहिले होते. पत्रांची मोठी चर्चा झाली. लेखिका म्हणजे खुद्द रखमाबाई, हे लोकांना पुढे कळले. मला या गोष्टीचे फार महत्त्व वाटते. नाव नव्हते तोवर वाचकांपुढे केवळ म्हणणे होते. ते पटो वा न पटो, त्याचाच विचार करावा लागत होता. नाव कळल्यानंतर म्हणणे मागे पडले आणि बाई पुढे आली. मग ती कोणाची मुलगी, कोणत्या जातीची, तिच्या आईने काय केले, तिच्याकडे पैसा किती, हेच जो तो बोलू लागला. शब्द तेच होते, पण ते ऐकणारे कान बदलले होते.

२१ सप्टेंबर १८८५ रोजी न्यायमूर्ती पिन्हे यांनी निकाल दिला. तो रखमाबाईंच्या बाजूने लागला. न्यायमूर्तींचा विचार साधा होता. दाव्याचे नावच मुळी वैवाहिक हक्क परत मिळवण्याचा दावा असे. जी वस्तू एकदा आपल्याकडे होती तीच परत मागता येते. जे नवराबायको कधी एकत्र राहिलेच नाहीत, त्यांच्या बाबतीत परत काय द्यावयाचे? आणि ज्या मुलीचे लग्न तिच्या नकळत्या वयात लावले गेले, तिला मोठेपणी तिच्या इच्छेविरुद्ध सक्तीने नवऱ्याच्या घरी पाठवणे त्यांना रानटीपणाचे वाटले. साऱ्या गदारोळात अकरा वर्षांच्या मुलीपासून विचाराला सुरुवात करणारा हा एकच माणूस मला दिसतो. बाकीच्यांनी विचाराला सुरुवात केली ती वीस वर्षांच्या, इंग्रजी शिकलेल्या, पैसेवाल्या बाईपासून.

निकालाबरोबर वर्तमानपत्रांत जणू वणवा पेटला. टिळकांचे केसरी आणि मराठा, मंडलिकांचे नेटिव्ह ओपिनियन यांनी निकालावर झोड उठवली. हिंदू धर्मशास्त्रात विवाह हा संस्कार आहे, करार नव्हे, आणि इंग्रज न्यायाधीशाला हे मर्म कळले नाही, असा त्यांचा एकंदर सूर होता. यात विचाराचा भाग होता, हे मान्य केले पाहिजे. परक्या राज्यकर्त्यांनी आमच्या घरात किती शिरावे, हा प्रश्न त्या काळी खराच होता. परंतु त्या प्रश्नाचे सारे ओझे एका मुलीच्या डोक्यावर आले. स्त्रियांना इंग्रजी शिकवले की त्या अशा बिघडतात, याचा नमुना म्हणून तिच्याकडे बोट दाखवले जाऊ लागले.

दुसरे काही म्हणत की, हे सारे मालमत्तेसाठी चालले आहे. मुलीचा पैसा घरातून जाऊ नये म्हणून आई आणि आजोळची माणसे तिला अडवून धरीत आहेत. दादाजींनीही १८८७ साली एक पुस्तिका काढून आपली बाजू मांडली आणि असाच आरोप केला. रखमाबाईंनी त्याला वर्तमानपत्रातून सविस्तर उत्तर दिले. परंतु आरोप जेवढ्या लवकर पसरतो तेवढ्या लवकर उत्तर पसरत नाही, हा अनुभव तेव्हाही होता आणि आजही आहे.

आता दुसऱ्या बाजूकडे पाहा. इंग्रजी वर्तमानपत्रांना रखमाबाई म्हणजे हिंदू समाज किती मागासलेला आहे याचा आयताच पुरावा वाटल्या. विलायतेत त्यांचे पत्र छापून आले, मॅक्स म्युलरसारख्या पंडितांनी लेखणी उचलली, सहानुभूतीचा पूर आला. त्या सहानुभूतीत पुष्कळ खरेपणा होता. पण पुष्कळांच्या मनात, आम्ही कसे सुधारलेले आणि हे लोक कसे रानटी, हा अभिमानही होता. या मंडळींनी दादाजींचे जे चित्र रंगवले तेही तितकेच एकांगी होते. कोणी त्यांना अडाणी हमालाच्या पंक्तीला नेऊन बसवले, कोणी राक्षस ठरवले. ते एका सामान्य घरातले, प्रकृतीने अशक्त, आपला हक्क जगरहाटीप्रमाणे मागणारे गृहस्थ होते. त्यांच्या वयाच्या हजारो तरुणांनी त्यांच्या जागी तेच केले असते.

आणि खुद्द रखमाबाईंच्या बचावातही एक नाजूक जागा होती, ती झाकून ठेवणे बरे नव्हे. दादाजींची गरिबी, त्यांचे आजारपण आणि त्यांच्या आसऱ्याच्या घराची रीतभात ही कारणे कोर्टापुढे मांडली गेली होती. गरीब आणि आजारी नवऱ्याला झिडकारणारी श्रीमंत मुलगी, हे चित्र लोकांना तिथूनच मिळाले. आपल्याला बायको म्हणून का जावयाचे नाही, याचे खरे कारण, म्हणजे आपली संमतीच नव्हती हे, त्या काळच्या कायद्याच्या भाषेत नीट बसत नव्हते. मग वकिलांना जी कारणे बसवता आली ती पुढे झाली. आपल्यातही असे कितीदा होते! बाईच्या मनातले खरे कारण सांगता येण्याजोगे नसते, ती जवळचे एखादे किरकोळ कारण सांगते, आणि लोक त्या किरकोळ कारणावरून तिला जोखतात.

या प्रकरणातली सर्वांत मोठी गंमत, आणि सर्वांत मोठा धडा, कायद्याच्याच पोटात होता. नांदावयास येत नाही म्हणून बायकोवर दावा लावावयाचा आणि तिने ऐकले नाही तर तिला तुरुंगात घालावयाचे, ही रीत आपल्या धर्मशास्त्रातली नव्हतीच. ती विलायतेतल्या चर्चच्या न्यायालयांतली जुनी रीत. इंग्रजांनी ती इकडे आणली आणि हिंदूंनाही लागू केली. खुद्द इंग्लंडात अशा कारणासाठी तुरुंगात टाकण्याची शिक्षा १८८४ साली कायद्याने बंद झाली, म्हणजे ज्या वर्षी दादाजींची नोटीस आली त्याच वर्षी. तेव्हा आपले लोक धर्मरक्षण म्हणून जिची बाजू घेत होते ती वस्तू विलायती, आणि इंग्रज लोक हिंदूंचा रानटीपणा म्हणून ज्याला नाके मुरडत होते ते त्यांच्याच घरचे. दोन्ही बाजूंनी आपापले मत आधी ठरवले होते, आणि मग वस्तूवर त्या मताची चिठ्ठी चिकटवली होती.

दादाजींनी अपील केले. १८८६ साली मुख्य न्यायाधीश सार्जंट आणि न्यायमूर्ती बेली यांनी पिन्हे यांचा निकाल फिरवला आणि खटला पुन्हा सुनावणीसाठी पाठवला. हिंदू विवाहाला मुलीची संमती लागत नाही, तेव्हा संमती नव्हती हा मुद्दा कोर्टात टिकत नाही, असे ठरले. पुढची सुनावणी न्यायमूर्ती फॅरन यांच्यापुढे झाली. ४ मार्च १८८७ रोजी त्यांनी हुकूम केला की, रखमाबाईंनी एका महिन्याच्या आत नवऱ्याकडे जावे, न गेल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद. रखमाबाईंनी कळवले की, हे घर पत्करण्यापेक्षा कैद पत्करीन. त्या वेळी त्यांचे वय बावीस.

आता या तारखेजवळच आणखी एक तारीख ठेवते. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात डॉक्टर आनंदीबाई जोशी वारल्या. अमेरिकेत जाऊन त्या डॉक्टर झाल्या होत्या, आणि परत आल्यावर काही महिन्यांतच क्षयाने गेल्या. साऱ्या महाराष्ट्राने हळहळून त्यांना निरोप दिला. रखमाबाईंवर टीका करणाऱ्या केसरीनेही त्यांचा गौरव केला. त्यानंतर आठवडाही उलटला नाही तोच रखमाबाईंना तुरुंग दाखवणारा हुकूम आला आणि त्याच मंडळींना समाधान वाटले.

या दोघींच्या आयुष्याकडे शेजारी शेजारी ठेवून पाहावे. दोघींचे लग्न पोरवयात झाले. दोघींना शिक्षणाची ओढ. दोघी इंग्रजी शिकल्या. एकीला वैद्यकी शिकण्याचा ध्यास होता, दुसरीला तो लवकरच लागणार होता. फरक एवढाच की, आनंदीबाईंना त्यांच्या पतीने शिकवले, आणि रखमाबाई पतीला नको म्हणून शिकल्या. मग एकीचे इंग्रजी शिक्षण भूषण झाले आणि दुसरीचे बिघाडाचे कारण झाले. म्हणजे लोक शिक्षण पाहत होते असे नव्हेच. शिक्षणामागे कोणाची परवानगी आहे ते पाहत होते. आनंदीबाईंचे मोठेपण यामुळे तिळभर कमी होत नाही. त्यांनी किती सोसले हे आपण सर्व जाणतो. परंतु एकीला देवघरात आणि दुसरीला वेशीबाहेर ठेवण्याइतके अंतर त्या दोघींत नव्हते. ते अंतर पाहणाऱ्यांच्या मनात होते.

रखमाबाईंना तुरुंगात जावे लागले नाही. त्यांच्या बाजूने अपील झाले, मलबारी आदी सुधारकांनी निधी जमवला, आणि जुलै १८८८ मध्ये तडजोड झाली. २००० रुपये घेऊन दादाजींनी दावा सोडला. पुढे त्यांनी दुसरे लग्न केले. कायद्याने त्यांना ती मोकळीक होती. रखमाबाईंना नव्हती, त्या विवाहितच राहिल्या.

यानंतरची रखमाबाईंची वर्षे खटल्याच्या वर्षांपेक्षा कितीतरी अधिक. परंतु लोकांना खटला तेवढा आठवतो. कामा रुग्णालयाच्या डॉक्टर एडिथ पीची यांनी त्यांना वैद्यकीचा मार्ग दाखवला आणि मदतीची तजवीज केली. १८८९ साली त्या विलायतेस गेल्या. लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयात शिकून १८९४ साली त्या डॉक्टर झाल्या आणि स्वदेशी परतल्या. काही दिवस मुंबईच्या कामा रुग्णालयात काम करून त्या सुरतेच्या स्त्रियांच्या रुग्णालयात मुख्य डॉक्टर म्हणून रुजू झाल्या. मुंबईहून सुरतेस जाणारी ती आगगाडी आपल्या अंधेरी-बोरिवलीवरूनच जात असे. तेव्हा इकडे भाताची खाचरे आणि ताडमाड यांशिवाय फारसे काही नव्हते. खटल्याने नाव झालेली ती बाई डॉक्टरीची पेटी घेऊन या वाटेने किती वेळा गेली असेल, असे गाडीत बसल्यावर माझ्या मनात येते.

सुरतेस त्यांनी वीस वर्षांहून अधिक काळ काढला. रुग्णालय म्हटले की मरावयाची जागा, अशी तेव्हा बायकांची समजूत. बाळंतपण घरी सुईणीकडूनच व्हावयाचे. पुरुष डॉक्टरला नाडी दाखवणे पुष्कळ घरी निषिद्ध. अशा बायका या डॉक्टरीणबाईंकडे येऊ लागल्या. प्लेगच्या साथीत त्या आपल्या कामावर राहिल्या, आणि त्या सेवेबद्दल सरकारने त्यांना कैसर-इ-हिंद पदक दिले. १९१८ साली त्या राजकोटच्या संस्थानी स्त्री रुग्णालयात गेल्या आणि १९२९ साली निवृत्त होईपर्यंत तेथेच राहिल्या. एकंदर पस्तीस वर्षांची ही सेवा. ज्यांनी त्यांना कुटुंबव्यवस्थेची शत्रू म्हटले होते, त्यांच्या कल्पनेतही आले नसेल की, ही बाई किती कुटुंबांतल्या लेकीसुनांना आणि त्यांच्या बाळांना हातांवर झेलणार आहे. बाळंतिणीला खाटेवर पडल्या पडल्या डॉक्टरच्या जुन्या खटल्याशी काय कर्तव्य? तिला तो धीराचा हात पुरे होता. निवृत्तीच्या सुमारास त्यांनी पडद्याची चाल का मोडावी यावर लेख लिहिला. वयाच्या विसाव्या वर्षी लेखणी ज्या कारणासाठी उचलली, पासष्टाव्या वर्षीही ती त्याच कारणासाठी हाती होती.

आता एक गोष्ट सांगते, जी आपल्यासारख्या त्यांच्या चाहत्यांना अवघड जाते. १९०४ साली दादाजी वारले. त्यानंतर रखमाबाईंनी विधवेचे पांढरे लुगडे नेसावयास सुरुवात केली. ज्या माणसाकडे न जाण्यासाठी तुरुंग पत्करला, त्याच्या मागे वैधव्य पाळले! हे वाचून सुधारक गोंधळतात, कारण त्यांची शूर नायिका अशी वागावयास नको होती. सनातनी म्हणू शकतात की, पाहा, अखेर तिलाही पटले. मला दोन्ही मते घाईची वाटतात. त्यांचे भांडण बालपणी लादलेल्या लग्नाशी आणि सक्तीशी होते. आपल्या समाजाशी, त्याच्या आचाराशी त्यांनी सारा संबंध तोडला होता असे कोणी ठरवले? ते आपण ठरवले, आणि मग पांढऱ्या लुगड्याने आपला हिशेब चुकवला. त्या काळच्या लोकांनी त्यांना एका चौकटीत बसवले, आपण त्यांना दुसऱ्या, अधिक सुंदर चौकटीत बसवतो. पण चौकट ती चौकटच. माणूस चौकटीबाहेर थोडे उरतेच, आणि जे उरते तेच बहुधा त्याचे स्वतःचे असते.

निवृत्तीनंतर रखमाबाई मुंबईस राहिल्या. २५ सप्टेंबर १९५५ रोजी, नव्वदी गाठून, त्यांनी जगाचा निरोप घेतला. त्याच वर्षीच्या मे महिन्यात हिंदू विवाह कायदा अमलात आला होता. त्याने मुलीच्या वयाची अट घातली, एकपत्नीत्व बंधनकारक केले, घटस्फोटाचा मार्ग दिला. ज्या मोकळिकीसाठी त्यांना चार वर्षे कोर्टात उभे राहावे लागले, ती देशातल्या हिंदू स्त्रियांना मिळालेली पाहूनच त्या गेल्या. मधल्या काळात १८९१ साली संमतिवयाचा कायदा होऊन ते वय दहावरून बारावर आले होते, आणि १९२३ साली नांदावयास न जाणाऱ्या बायकोला तुरुंगात टाकण्याची तरतूदही आपल्याकडून गेली होती. मात्र नांदावयास बोलावण्याचा तो दावा १९५५ च्या कायद्यातही, नऊ क्रमांकाच्या कलमात, राहिला, आणि १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला. इंग्लंडने मात्र तो १९७० साली काढून टाकला.

अलीकडे रखमाबाईंना पुन्हा मान मिळू लागला आहे. मोहिनी वर्दे यांनी त्यांचे मराठीत चरित्र लिहिले, त्यांच्यावर चित्रपट निघाला. हे योग्यच आहे. तथापि मेलेल्या माणसाला न्याय देणे सोपे असते. त्याने आपले काही अडत नाही. जिवंत माणसाला न्याय देताना आपली खरी परीक्षा होते.

आपल्या उपनगरांतून तशी माणसे पावलोपावली आहेत. घाटकोपर-मुलुंडच्या इमारतीत एखादी एकटी बाई जागा भाड्याने मागावयास येते, तेव्हा तिला आधी काय विचारले जाते हे आपण जाणतो. भाडे वेळेवर देशील का, हा प्रश्न मागून येतो. यजमान कुठे असतात, हा आधी येतो. माहेरी परत आलेल्या मुलीला हळदीकुंकवाला बोलवावे की नाही, यावर कुजबुज होते. उशिरा कामावरून येणाऱ्या सुनेची पावले जिन्यावर मोजली जातात, उशिरा येणाऱ्या मुलाची मोजली जात नाहीत. प्रत्येक वेळी आपल्याला वाटते, आपण पारख करीत आहोत. केसरीच्या वाचकांनाही तसेच वाटत होते. लंडनच्या वाचकांनाही तसेच वाटत होते.

मत देऊच नये, असे मी म्हणणार नाही. ते माणसाला जमणारे नाही. परंतु रखमाबाईंच्या चरित्रातून दोन साध्या सवयी मी उचलल्या आहेत, त्या आपणापुढे ठेवते. एक, एखाद्या बाईच्या वागण्याचे कारण मनात ठरवण्याआधी, या सगळ्याला सुरुवात झाली तेव्हा ती किती वर्षांची होती आणि तिला कोणी विचारले होते का, हे पाहावे. दुसरी, जी गोष्ट एकीच्या बाबतीत आपण दोष म्हणून मोजतो, तीच दुसऱ्या एखादीच्या बाबतीत गुण म्हणून मोजली आहे का, हे आठवून पाहावे. आनंदीबाई आणि रखमाबाई या दोघींची नावे शेजारी ठेवली की ही दुसरी सवय आपोआप लागते.

आपल्या मंडळात दर वर्षी नव्या भगिनी येतात. येताना त्यांच्याबरोबर त्यांच्याविषयीच्या वार्ताही येतात, कधी कधी त्यांच्याही आधी येऊन पोचतात. त्या वार्ता दाराबाहेर ठेवून त्या भगिनीला आधी सतरंजीवर आपल्या शेजारी जागा करून द्यावी. ओळख मग हळूहळू होतेच.